पुढचा डोस आणि मागची धास्ती

१० जानेवारी २०२२ पासून साठी ओलांडलेल्या सहव्याधीग्रस्तांना कोविडचा ‘प्रिकॉशन डोस’ मिळू लागला. आदल्या उन्हाळ्यात लशीसाठी रांगेत तिष्ठत उभे राहिलेले आमच्या कोल्हापूरचे आजी-आजोबा तेव्हा मला सांगू लागले, “डॉक्टर, दोन झाले की, आता बास!” आज इन्फ्लुएन्झाची वार्षिक लस सुचवली तरी हेच उत्तर येते.

आपणही त्यांपैकी असाल, तर मी आपल्याला अडाणी म्हणणार नाही. ठणकणारा दंड आणि तापाने फणफणलेली रात्र आपण सोसलेली असते. टळलेला आजार मात्र कुणालाच दिसत नाही.

तो ताप बहुधा प्रतिकारशक्ती कामाला लागल्याचा असतो. पण सगळाच त्रास लशीचा नसतो. जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कोविड लशींच्या बारा चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. ज्यांना लशीऐवजी निष्क्रिय द्रव टोचला होता, त्यांच्यातही सुमारे ३५ टक्के जणांना पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा असे त्रास झाले. हे सोंग नव्हे. धास्तावलेले मन शरीराला खरोखर दुखवते.

२०२४ च्या उन्हाळ्यात कोविशील्ड आणि रक्ताच्या गुठळ्यांची बातमी गाजली, तेव्हा ही धास्ती पुन्हा जागी झाली. तो विकार खरा आहे, गंभीरही आहे. परंतु अत्यंत दुर्मीळ, आणि साधारणतः डोसनंतरच्या सहा आठवड्यांत उद्भवणारा. काही वर्षांपूर्वीच्या डोससाठी आज झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

सोबत येणाऱ्या मुला-सुनांनी “काही होत नाही हो” असे म्हणू नये. दंड दुखला की त्या शब्दावरचा विश्वास उडतो. त्यापेक्षा “हात दुखेल, कदाचित कणकण येईल, एक-दोन दिवसांत उतरेल” असे सांगावे. डोसनंतर अर्धा तास तेथेच बसावे. धाप, छातीत दुखणे, चेहऱ्यावर सूज किंवा असह्य डोकेदुखी असल्यास मात्र घरी वाट पाहू नये.

मागच्या डोसनंतर अंगावर गांध्या उठून श्वास लागला असेल, तर ती भीती नव्हे, वैद्यकीय इतिहास आहे. सुई टोचण्यापूर्वीच सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तीही मनाने बंद न करता सांगा. अशा वेळी टोचलेली जागा न चोळता दोन मिनिटे घट्ट दाबून धरावी लागते, इतकेच.