बालाघाटचे पहिले पाणी

चाकूरच्या माणसांनी धबधबा पाहायला निघावे, याचे पुण्या-मुंबईच्या मंडळींना हसू येते. त्यांना लोणावळा-खंडाळा म्हणजे घरचे अंगण! आमच्याकडे मृग वेळेवर बरसला तरी पेढे वाटावेसे वाटतात. पण वाचकहो, ज्याच्या पानात रोज पक्वान्न, त्याला त्याची खरी गोडी काय कळणार?

आर्द्रा नक्षत्र लागले आणि आम्ही अकराजण निघालो. दोन मास्तर, एक औषधांचे दुकानदार, तिघांच्या मंडळी, चार मुले आणि शेती पाहणारे अण्णा. पाठीवर पिशव्या, पिशव्यांत धपाटे, दशम्या, शेंगांची चटणी आणि एकेक चादर. जायचे होते बीड जिल्ह्यातल्या सौताड्याला. अण्णांनी मात्र आधीच बजावले, "मला तुमचा धबधबा नको. पाऊस कुठवर पोचलाय तेवढं बघायचंय. बी घरात आणून ठेवलंय, पेरायचं की थांबायचं, ते ठरत नाही."

लातूर मागे पडले. अंबाजोगाईला मुकुंदराजांचे स्मरण करून चहा झाला. पुढे केज आणि मांजरसुंबा. मुले गाण्यांच्या भेंड्या लावत होती आणि अण्णा खिडकीतून राने वाचत होते. "हे भिजलं. हे नुसतं शिंपडलं. हे कोरडंच." पाटोद्याकडे वळल्यावर मोरांच्या नायगाव अभयारण्याचा डोंगराळ मुलूख लागला. मोर दिसला नाही, केका मात्र दोनदा कानी आल्या.

सौताड्याला बालाघाटचे पठार एकदम तुटते. काळ्या पाषाणाचा उभा कडा, खाली झाडीने भरलेली दरी आणि दरीच्या तळाशी रामेश्वराचे देऊळ. प्रभू रामचंद्रांनी येथे महादेवाची स्थापना केली, अशी लोकांची श्रद्धा. विंचरणा नदी या कड्यावरून खाली झेप घेते. उंची सुमारे ७० मीटर सांगतात.

आम्ही पाहिली तेव्हा झेप कसली, कड्यावरून पांढरे सूत सोडल्यासारखी एक धार होती! अर्ध्या वाटेत वारा तिला उडवून नेई.

"एवढासाच?" धाकट्याचा चेहरा पडला.

शेजारी शेळ्या राखणारे एक बाबा बसले होते. ते हसून म्हणाले, "आधी रान पितंय लेकरा, मग इहिरी पित्यात. राहिलं-साहिलं तर मग कड्यावरून पडतंय."

अण्णांनी मान वर केली. दिवसभरात प्रथमच त्यांनी धबधब्याकडे नीट पाहिले.

पायऱ्या उतरून आम्ही देवळापाशी शिदोऱ्या सोडल्या. भूगोल शिकवणाऱ्या मास्तरांना राहवेना. त्यांनी काडीने मातीत रेघा ओढल्या. बालाघाट म्हणजे घराचे आढेच म्हणा ना! एका पाख्याचे पाणी गोदावरीला, दुसऱ्याचे भीमेला. विंचरणा सीनेला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. आणि याच पाटोदा तालुक्याच्या डोंगरात मांजरा उगम पावते. ती मात्र पूर्वेची वाट धरते, धनेगावच्या धरणात थांबून लातूरची तहान भागवते आणि तेलंगणात गोदावरीला मिळते.

धनेगावचे नाव निघाले आणि सगळेच गप्प झाले. २०१६ साली ते धरण आटले होते. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. वहिनी म्हणाल्या, "माझी बहीण तेव्हा लातुरात. भाज्या धुतलेलं पाणी ती भांड्यांना वापरी आणि भांड्यांचं झाडांना."

"ते पाणी कृष्णेचं," मास्तर म्हणाले. "ही समोरची धार जिला शेवटी मिळते, तीच कृष्णा. भीमा तिला भेटते ती मिरजेच्या कितीतरी खाली, म्हणून पाणी हेच नव्हे. पण नदी तीच."

धाकट्याने हातातला पाण्याचा पेला पाहिला आणि उरलेले पाणी मुकाट्याने पिऊन टाकले. एरवी तो ते ओतून देई.

रात्री वर गावात एका ओसरीवर पथाऱ्या पडल्या. पहाटे तासभर सर आली. सकाळी पाहतो तो धार दुप्पट झाली होती आणि चहाच्या रंगाची. मुलांनी उड्या मारल्या. अण्णांनी मात्र नकारार्थी मान हलवली. "रंग बघितलास? वरची माती वाहून येतेय. सर जोराची होती, पण मुरली नाही."

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका, असे कृषी खाते दर वर्षी सांगते. घाई केली आणि पावसाने ओढ दिली, तर बी वाया जाते आणि दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर बसते. अण्णांनी तिथूनच घरी फोन लावला. "बियाण्याची पोती फोडू नका. आणखी एक पाऊस होऊ द्या."

श्रावणात सौताड्याला जरूर जा. तेव्हा दरी हिरवीगार असते, गर्दी उसळते आणि छायाचित्रेही झकास येतात. पण एकदा तरी आर्द्रात जावे. मुलांना बरोबर न्यावे, ती बारीक धार दाखवावी आणि सांगावे, की बाकीचे पाणी हरवलेले नाही. ते अजून रानाच्या पोटात जाते आहे आणि वर्षभराची भाकरी त्याच्यावरच आहे.