लाल रेघ नेमकी कुठून येते?

तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यात पॅनेलवरचा तापमानाचा आकडा गेला, की इन्स्ट्रुमेंटचा जाणता माणूस लगेच पॅनेल बदलायला घेत नाही. तो सप्लाय बघतो, वायर तपासतो, मग सेन्सर. पालघर-बोईसरकडे कोडिंग शिकणारी मुलं मात्र एडिटरमध्ये सूचना यायच्या थांबल्या, की आधी एडिटरच काढून पुन्हा टाकतात. दोष बहुधा दुसरीकडेच असतो.

व्हीएस कोड किंवा निओव्हिम अक्षरं रंगवतो, पण चल कुठे घोषित झालं, फंक्शनला काय द्यायचं, हे त्याला बहुतेक वेळा 'लँग्वेज सर्व्हर' नावाचा वेगळा प्रोग्राम सांगतो. पायथनसाठी पायराइट, सी++साठी क्लँगडी. म्हणून रंग दिसतात पण सूचना येत नाहीत, अशा वेळी संशय सर्व्हरवर घ्यावा.

ही विभागणी तशी अलीकडची. पूर्वी 10 एडिटर आणि 20 भाषा जुळवायच्या तर 200 जोड लिहावे लागत. जून 2016मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडएन्व्ही यांनी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला आणि तेच काम 30 वर आलं. निओव्हिमने 2021मध्ये आणि ईमॅक्सने 2023मध्ये त्याची सोय अंगभूत केली.

तपासाची पहिली पायरी टर्मिनल. तिथे सर्व्हरचं नाव टाकून आवृत्ती विचारायची. उत्तर आलं नाही, तर सर्व्हर बसवलेलाच नाही किंवा त्याचा पत्ता 'पाथ'मध्ये नाही. विंडोजवर पाथ बदलला तरी आधीपासून उघडा असलेला एडिटर जुनाच पाथ धरून बसतो. तो पूर्ण बंद करून उघडावा लागतो. मॅकवर आयकॉनवरून उघडलेल्या एडिटरला टर्मिनलचा पाथ मिळेलच असं नाही. तोच एडिटर टर्मिनलमधून सुरू केल्यावर चालला, तर दोष सापडला.

दुसरी पायरी लॉग. व्हीएस कोडच्या 'आउटपुट' पॅनेलमध्ये सर्व्हरचं नाव निवडलं, की तो सुरू झाला की सुरू होताच पडला, ते कळतं. निओव्हिममध्ये हेच काम 'चेकहेल्थ' करतं.

सर्व्हर चालू आहे, तरी बरोबर कोडखालची लाल रेघ हटत नाही? मग बहुधा सर्व्हरला प्रकल्प कळलेला नाही. पायथनमध्ये हे सर्रास घडतं: पांडाज ही लायब्ररी बसवलेली असते प्रकल्पाच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये आणि एडिटर बघत असतो सिस्टिमचा पायथन. प्रोग्राम बिनतक्रार चालतो, तरी इम्पोर्टखाली रेघ येते. व्हीएस कोडमध्ये इंटरप्रिटर बदलला की ती जाते. सी++मध्ये कोणत्या फाइलला कोणते फ्लॅग लागतात, याची यादी क्लँगडीला हवी असते. सीमेक ती तयार करून देतो. एकटी फाइल उघडण्याऐवजी पूर्ण फोल्डर उघडलं, तरी निम्मे घोळ मिटतात.

एक दोष मात्र मराठी लिहिणाऱ्यालाच आधी दिसतो. प्रोटोकॉल ओळीतली जागा यूटीएफ-16च्या एककांत मोजत आला. दुसरी मोजणी आपसांत ठरवायची मुभा 2022मध्ये 3.17 आवृत्तीने दिली. 'तारापूर' या शब्दाची यूटीएफ-16मध्ये 7 एककं होतात, यूटीएफ-8मध्ये 21 बाइट. एडिटर आणि सर्व्हर यांपैकी एकानेच बाइट मोजले, तर त्या शब्दापुढची खूण 14 घरं सरकते. फक्त इंग्रजी अक्षरांच्या कोडमध्ये दोन्ही मोजण्या जुळतात, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं लपू शकतो.

म्हणून इथल्या कॉलेजांकडे माझा आग्रह आहे, की पहिल्याच प्रॅक्टिकलला मुलांच्या हाती मुद्दाम बिघडवलेला सेटअप द्यावा: एकाचा पाथ तोडलेला, दुसऱ्याचा इंटरप्रिटर चुकीचा, तिसऱ्याच्या फाइलमध्ये गावांची नावं देवनागरीत. एडिटर पुन्हा बसवायला बंदी असावी, आणि गुण मिळावेत ते दोष दाखवणारी लॉगमधली ओळ शोधल्याबद्दल.