डाऊनव्होटचा हिशोब

फेसबुकवर कुणी नाक मुरडलं तर मन खट्टू होतं. मतांवर पैसे देणाऱ्या संकेतस्थळांवर तेच नाक मुरडणं थेट खिशात हात घालतं. 2016 मध्ये आलेल्या स्टीमिटने ही रीत रुजवली, आणि त्याच नियमांवर चालणाऱ्या एका स्थळावर मी लिहीत होतो. लेखावर सात दिवस मतं पडतात, मग मोबदला हातात येतो. मताचं वजन ठरतं ते खात्यात अडकवून ठेवलेल्या नाण्यांवरून. बड्या खातेदारांना तिथे व्हेल म्हणतात, आमच्यासारख्या छोट्यांना मिनो.

रत्नागिरीकडच्या कातळशिल्पांवरच्या माझ्या लेखाला एका व्हेलने भरघोस मत दिलं. सहाव्या दिवशी दुसऱ्या व्हेलचा डाऊनव्होट, म्हणजे विरोधी मत, पडला आणि मोबदला शून्यावर आला. लेख फिकट होऊन दडला आणि रेप्युटेशन, म्हणजे माझ्या खात्याची पत दाखवणारा आकडाही घसरला. जांभ्यावरची ती चित्रं हजारो वर्षं टिकली. माझी कमाई आठवडाभरसुद्धा नाही!

कारण विचारलं. उत्तर आलं, ‘तुमच्याशी वैर नाही. तुम्हाला मत देणाऱ्याशी आहे.’

उलट डाऊनव्होट देऊन उपयोग नव्हता. ज्याचं रेप्युटेशन आपल्यापेक्षा जास्त, त्याच्या आकड्याला आपण धक्काही लावू शकत नाही. हा आकडा 25 पासून सुरू होतो आणि तो नऊने वाढायला त्यामागचे मूळ गुण दहापट व्हावे लागतात. चढताना अशी दमछाक, पण नव्या माणसाला शून्याखाली ढकलायला एकाच बड्याचा राग पुरतो. पूर्वी डाऊनव्होट देणाऱ्याची स्वतःची मतशक्ती खर्च व्हायची, म्हणून हात आखडता असे. ऑगस्ट 2019 च्या बदलानंतर स्टीमिट ज्यावर चालतं त्या स्टीमवर डाऊनव्होटसाठी मतशक्तीचा वेगळा साठाच मिळाला. फुकटची काठी हातात आली की ती कुणाच्या पाठीत बसेल, सांगता येत नाही.

डाऊनव्होट नकोच, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याचे लेख उचलून पैसे लाटणारे तिथे ढिगाने होते, आणि त्यांना चाप याच बटणाने बसायचा. पण पैसा कापणं वेगळं आणि माणसाची पत कापणं वेगळं. दोन्ही एकाच बटणात, आणि बटणाचा जोर श्रीमंतीवर, ही रचनाच अन्यायाची आहे.

तरीही तिथे लिहायचं असेल तर खुशाल लिहा. फक्त भरघोस मत देणारा कोण आहे आणि त्याचं कुणाशी भांडण आहे, हे आधी बघून घ्या. आणि सातवा दिवस उलटेपर्यंत घरात कमाईचा आकडा सांगू नका.