दोनातून आठ

हेलियमच्या अणूत इलेक्ट्रॉन असतात दोन. मग त्याचे संयुजा इलेक्ट्रॉन आठ कसे? हा प्रश्न मी दादरच्या एका क्लासच्या ऑफिसात उभी राहून विचारला होता. तिथे जे ऐकलं ते अजून मनातून जात नाही.

मी लालबागची. रसायनशास्त्रात बीएस्सी केलं, नोकरी झाली, आता संध्याकाळी मजल्यावरची मुलं वह्या घेऊन येतात. त्यातला एक दहावीतला. घरचे देवगड तालुक्यातले, विजयदुर्गाच्या बाजूचे, त्यामुळे हेलियम हे नाव त्याला पुस्तकाच्या आधीपासून ठाऊक. किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी गावकरी त्यांचा संबंध जोडतात, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरसाहेबाने तिथूनच हेलियम पाहिला असं सांगतात. खरं तर त्या दिवशी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेन याने गुंटूरहून पाहिली आणि लॉकियरने ती ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच टिपली. पृथ्वीवर हा वायू रसायनशास्त्रज्ञ रॅम्सेच्या हाती लागला तो १८९५ मध्ये. हे सगळं मी मुलाला सांगितलं, तेव्हा गावची गोष्ट मोडली म्हणून तो थोडा हिरमुसला होता. पण हेलियमवर त्याचा जीव आहे, एवढं खरं.

त्याच्या दादरच्या क्लासच्या चाचणीत प्रश्न होता: पुढील मूलद्रव्यांच्या संयुजा इलेक्ट्रॉनांची संख्या लिहा. सोडियम, कार्बन, क्लोरीन, हेलियम. याने लिहिलं १, ४, ७, २. शेवटच्या उत्तरावर फुली आणि बाजूला लाल पेनाने ८.

संयुजा इलेक्ट्रॉन काढणं मुळात अवघड नाही. अणुअंक घ्यायचा आणि कवचं आतून बाहेर भरत जायचं. के कवचात दोन, एलमध्ये आठ, उरलेले एममध्ये. सोडियमचा अणुअंक ११, म्हणून २, ८, १. क्लोरीनचा १७, म्हणून २, ८, ७. सर्वांत बाहेरच्या कवचात जेवढे, तेवढे संयुजा इलेक्ट्रॉन. हेलियमचे दोन्ही के कवचातच बसतात आणि ते कवच तिथेच भरतं. अष्टक नव्हे, द्विक पूर्ण होतं, म्हणून तो कुणाशी संयोग पावत नाही.

क्लासमध्ये मात्र ट्रिक शिकवतात. गण १ किंवा २ असेल तर तोच आकडा, १३ ते १८ असेल तर दहा वजा. कार्बन चौदाव्या गणात, म्हणून चार. मी शिकत होते तेव्हा आमच्या आवर्तसारणीत गणांना रोमन आकडे होते आणि निष्क्रिय वायूंचा गण शून्य होता. दहा वजा करायला काही नव्हतंच. १ ते १८ हे क्रमांक १९८० च्या दशकाच्या अखेरीस रुळू लागले आणि त्यांच्याबरोबर ही वजाबाकी आली. हेलियम अठराव्या गणात बसवला आहे तो त्याच्या स्वभावामुळे, म्हणून ही वजाबाकी त्याला लागू पडत नाही.

मी मुलाला घेऊन दादरला गेले. सर तरुण होते, अदबीने बोलले. “मॅडम, अठरावा गण. अठरा वजा दहा, आठ.”

“सर, अणुअंक किती?”

“दोन.”

“मग आठ आणले कुठून?”

ते थांबले. समोरचं पुस्तक उघडून आवर्तसारणी पाहिली, पुस्तक मिटलं. “तुमचं बरोबर आहे. पण उत्तरसूची वरून येते, सगळ्या शाखांना एकच पेपर. ह्याला गुण दिला तर आठ लिहिलेल्या सगळ्यांचा कापावा लागेल. मग पालक येतील.”

सरांना ठाऊक नसतं तर मी समजावून परत आले असते. त्यांना कळलं होतं. कळल्यावरही फुली तशीच राहिली. ज्यांनी दोन इलेक्ट्रॉनांतून आठ काढले त्यांचा गुण वाचावा म्हणून ज्याने नीट मोजले त्याचा गेला, आणि हे त्या मुलाच्या देखत ठरलं. पालक येतील म्हणे! मग मी कोण म्हणून आले होते? दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून “हेलियमचं उत्तर दोन, कालची सूची चुकली” एवढं सांगायला काय लागलं असतं? कुणाचा गुण कापायचीही गरज नव्हती. तो प्रश्नच रद्द केला असता तरी चाललं असतं.

परतताना बस हिंदमातापाशी तुंबली. मुलगा म्हणाला, “काकू, बोर्डात आलं तर दोन लिहू की आठ?”

“दोन.”

“आणि तपासणाऱ्यांकडे पण तीच सूची असली तर?”

नसेल, असं मी ठासून सांगितलं. पण पंधरा वर्षांच्या मुलाने अणूत काय आहे यापेक्षा तपासणाऱ्याच्या हातात काय आहे याचा विचार करावा, ही वेळ आपण आणली. घरी त्याच्या आजीने विचारलं, “ह्येचा उत्तर बरोबर आसा मां?” मी हो म्हटलं. “मगे मार्क खंय?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पालकांना एवढंच सांगते, मुलाच्या पेपरवर फुली दिसली तर गुणांआधी उत्तर पाहा. पोटॅशियमपाशीही थांबा. एम कवचात अठरा मावतात, तरी त्याचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन बाहेरच्या एन कवचात का जातो, हे मुलाने विचारलं तर त्याला गप्प करू नका.

ट्रिक वाईट, असं मी त्या दिवशी घरी येऊन खूप बोलले. तरी परवा घड्याळ लावून सराव घेताना मीच त्याला म्हटलं, “गण बघ, दहा वजा कर, पुढे चल.” वेळ वाचतो, नाकारून कसं चालेल? आधी कवचं भरता यावीत, मग खुशाल वजा करावेत. त्याच्या आईने क्लास बदलू का विचारलं, तेव्हा मी नको म्हटलं. वर्षाची फी भरून झाली आहे, आणि भूमितीही तेच सर शिकवतात. ती त्याला फार छान येते.