मूळ खिडकी

मनुष्य ज्या घरांत राहतो त्याच्या भिंतीवर कांहीं तरी टांगल्यावांचून त्याला चैन पडत नाहीं. घर भाड्याचें असो, दोन महिन्यांपुरतें असो. ट्रंका उघडण्यापूर्वींच तो खिळा शोधूं लागतो. संगणकाच्या पडद्याविषयींही तेंच आहे. यंत्र नवें येतें तेव्हां त्यावर कोठल्या तरी परदेशी निसर्गाचें चित्र असतें. विंडोज एक्सपीबरोबर २००१ सालीं आलेली ती हिरवी टेकडी वाचकांना आठवत असेल. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकारानें ती कॅलिफोर्नियांतील सोनोमा परगण्यांत टिपली. मारेगांवांत बसून आम्हीं ती इतकीं वर्षें पाहिली, कीं आमच्या तालुक्यांतल्या कोणत्याही टेकडीपेक्षां तिची आमची ओळख अधिक!

हें चित्र बदलण्याचे दोन मार्ग आहेत. एक माउसनें बोट दाखवण्याचा, दुसरा काळ्या खिडकींत हुकूम लिहिण्याचा. मी दुसरा पत्करतों, आणि माझे तरुण सहकारी मला हंसतात. पण ज्यानें जन्मभर शब्दांवर पोट भरलें, त्याला आपण लिहिलेला शब्द तत्काळ खरा होतांना पाहण्यांत केवढें सुख असतें! वर्गांत तें क्वचितच लाभतें.

माझ्या जुन्या लिनक्स यंत्रावर एक्स विंडो नांवाची व्यवस्था चालते. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत १९८४ सालीं ती जन्मली. तिचा पसारा एकत्र कुटुंबासारखा आहे. उघडलेली प्रत्येक खिडकी कोणाची तरी लेक, आणि सर्वांच्या मागें, सारा पडदा व्यापून राहिलेली एक ‘मूळ खिडकी’. तिला चौकट नाहीं, मिटण्याचें बटण नाहीं. ‘एक्ससेटरूट’ हा हुकूम तिच्यासाठींच आहे. त्यापुढें ‘सॉलिड’ म्हणून रंगाचें नांव लिहावें, पार्श्वभूमि त्या रंगाची होते. ‘कर्सर नेम’ म्हणून आकृतीचें नांव लिहावें, दर्शकाचें रूप पालटतें. या आकृत्यांची यादी करणारा गृहस्थ मोठा खेळकर असला पाहिजे. बाण आणि घड्याळ ठीक आहे; पण तींत छत्री आहे, कोळी आहे, कॉफीचा पेला आहे आणि समुद्रावरचा चांचाही आहे! एके वर्षीं मृग लागला त्या दिवशीं मीं छत्री लावली होती. मात्र ही मौज मूळ खिडकीपुरतीच. दर्शक लिहिण्याच्या पानावर गेला, कीं तेथला यजमान त्याला आपला पोशाख चढवतो. शिवाय यंत्र बंद केलें कीं सारें पुसलें जातें. अंगणांत सडा घालून रांगोळी रोज नवी काढावी लागते, तसाच हा प्रकार. कंटाळा असेल त्यानें तो हुकूम सुरुवातीच्या फाइलींत लिहून ठेवावा. मग यंत्रच रोज उठून रांगोळी काढतें.

दर्शकाचा आकार वाढवण्याची गरज मला अलीकडे भासूं लागली. डाव्या डोळ्यांत मोतीबिंदु धरूं लागला आहे. २४ ठिपक्यांचा बाण पांढऱ्या पानावर हरवतो, आणि भिंतीवर पडदा लावून शिकवतांना सगळा वर्ग माझा शोध पाहत बसतो. ‘सर, डावीकडे, जरा वर,’ असें मुलें फार समजूतदारपणें सांगतात. तो समजूतदारपणाच मला बोंचे. सगळीकडे एकच आकार हवा असेल तर तो एका निराळ्या फाइलींत लिहावा लागतो. तेथें मीं आंकडा ४८ केला. लॅटिन भाषेंत ‘कर्सर’ म्हणजे धांवणारा. माझा धांवणारा आतां लठ्ठ झाला आहे, पण दिसतो.

पार्श्वभूमीचा प्रश्न इतका सोपा नव्हता. आई गेली त्या वर्षीं तिचें एक छायाचित्र मीं पडद्यावर लावलें. पऱ्हाटीच्या वावरांत ती उभी आहे, ओटींत कापूस, ऊन तोंडावर आल्यामुळें हात कपाळाला. पहिल्या दिवशीं बरें वाटलें. मग हजेरीचे तक्ते, परीक्षेचे गुण, परिपत्रकें तिच्यावर येऊन बसूं लागलीं. फाइलींचीं चिन्हें तिच्या पदरावर दाटलीं. आणि तो बाण! दिवसांतून शंभर वेळां तो तिच्या चेहऱ्यावरून जाई. भिंतीवरच्या तसबिरीपुढें मनुष्य क्षणभर थांबतो, हार सरळ करतो. येथें थांबण्याची सोयच नाहीं. महिन्याभरानें तर ती मला दिसेनाशी झाली. आठ तास डोळ्यांपुढें असूनही दिसत नव्हती. आधीं ती चित्र झाली, मग नुसती पार्श्वभूमि.

एका रात्रीं मीं काळी खिडकी उघडली. मला हवा होता तो रंग नांवानें मिळेना. एक्सच्या यादींत शेंकडों रंगांचीं नांवें आहेत. पपईचें आहे, लिंबाचें आहे, चॉकोलेटचें आहे. पहिल्या पावसानें भिजलेल्या आमच्या काळ्या मातीचें नाहीं. तेव्हां तो आंकड्यांनींच कालवावा लागला. तांबडा, हिरवा, निळा, प्रत्येकाचें प्रमाण ० ते २५५. पहिल्या खेपेस जो रंग उतरला तो वणीकडच्या खाणींतल्या कोळशाचा होता, वावराचा नव्हे. तांबडा किंचित् वाढवला, निळा उतरवला. असें सात-आठ वेळां झालें.

एवढ्यांत पत्नी दूध घेऊन आली.

‘अहो, हें काय? आईंचा फोटो काढलात?’

‘भिंतीवर आहे ना.’

तिनें चष्मा सारखा करून पडद्याकडे पाहिलें. ‘वखरलेल्या वावरासारखें दिसतें,’ ती म्हणाली, आणि पेला ठेवून गेली.

तांबडा ५८, हिरवा ४६, निळा ३९. सुरुवातीच्या फाइलींत तेवढें लिहून ठेवलें आहे. या रंगावर बाणही स्पष्ट दिसतो; शस्त्रक्रियेचा दिवस ठरेपर्यंत त्याचा आकार ४८ च ठेवावा असें योजिलें आहे.