झीरोच्या पोटातलं हार्वर्ड

'तोरा! तोरा! तोरा!' या 1970 सालच्या चित्रपटात जपानी विमानांचा ताफा पहाटेच्या अंधुक उजेडात जहाजावरून उडतो, तेव्हा बहुतेकांची नजर पंखांवरच्या लाल गोळ्यांकडे जाते. माझी जाते पंखाच्या मुळाशी. झीरो या खऱ्या जपानी लढाऊ विमानाच्या पंखाची पुढची कड धडापासून जवळजवळ सरळ बाहेर जाते. चित्रपटातल्या झीरोची कड धडापाशी पुढे आलेली असते, कारण उड्डाणानंतर चाकं तिथे आत शिरतात, आणि तिथून बाहेरचा पंख मागे झुकत जातो. ही ठेवण हार्वर्ड या प्रशिक्षण विमानाची. रंगाने ती झाकता येत नाही.

हार्वर्ड मी हातांनी ओळखतो. वायुदलात मेकॅनिक म्हणून लागलो तेव्हा आपल्याकडची हार्वर्डं निवृत्तीला आली होती. मधला पंख आणि बाहेरचा पंख जिथे जुळतात तिथे बोल्टांची लांबच लांब रांग असते आणि तिच्यावर पत्र्याची अरुंद पट्टी. ती पट्टी उतरवायची, बोल्टांखालची कोनपट्टी पुसून घ्यायची आणि केसाएवढी तरी भेग आहे का ते भिंगाने बघायचं, हे काम मी मन लावून केलं. पुढे निवृत्तीनंतर युद्धपटांतल्या विमानांचा माग काढण्याचा नाद लागला, त्याचं बीज त्या पट्टीखालीच आहे. वरून दिसतं ते विमान आणि आत असतं ते विमान वेगळं असू शकतं, हे तिथे कळलं.

पर्ल हार्बरवरचा हल्ला पडद्यावर आणायचा तर जपानी विमानं हवीत, आणि 1968 साली उडतं खरं झीरो हाताशी नव्हतं. युद्ध संपल्यावर बहुतेक जपानी विमानं जाळली, तोडली गेली होती. पण कॅनडाच्या वायुदलाने आपली हार्वर्डं नुकतीच मोडीत काढली होती. 'कॅनेडियन कार अँड फाउंड्री'ने बांधलेली, चांगल्या अवस्थेतली, 600 अश्वशक्तीच्या नऊ सिलिंडरी वास्प इंजिनाची ती विमानं कॅलिफोर्नियात लाँग बीचला आणली गेली. पाठीवरची लांबलचक काच कापून आखूड केली, नाकाचं आणि शेपटीचं रूप बदललं आणि झीरो तयार झालं. 'वॅल' या डाइव्ह बाँबरसाठी व्हल्टी कंपनीचं व्हॅलियंट घेतलं. त्याची चाकं मुळातच आत जात नसत आणि वॅलचीही जात नसत. म्हणून चाकांवर पत्र्याची झाकणं चढवली, धड लांबवलं, 450 अश्वशक्तीच्या जागी वास्प बसवलं. तिसरं 'केट', पाणतीर टाकणारं. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच अडवतं.

ही विमानं उडाली ती यॉर्कटाउन या अमेरिकी विमानवाहू जहाजावरून. चित्रपटात ते 'आकागी' हे जपानी विमानवाहू जहाज झालं होतं. त्याच 1968 च्या डिसेंबरात चंद्राला फेरी मारून आलेल्या अपोलो 8 च्या अंतराळवीरांना समुद्रातून उचललं तेही यॉर्कटाउननेच. जहाजाचा इतिहास लिहिणारे ही दोन्ही कामं शेजारीशेजारी नोंदवतात. आज ते चार्ल्सटनजवळ संग्रहालय म्हणून उभं आहे, तिथेही दोन्हीचा मान राखलेला आहे. विमानांच्या वाट्याला हे सहसा येत नाही. चित्रीकरण संपलं की ती विकली जातात आणि नोंदी फुटायला लागतात.

त्या फुटलेल्या नोंदी जुळवणं हे माझं काम. जमिनीच्या सातबाऱ्यामागे जशी फेरफारांची साखळी असते तशीच ती विमानामागेही असते. फक्त गावं बदलतात, देश बदलतात, आणि मधलं एखादं पान हमखास गायब असतं. सुरुवात करायची कारखान्याच्या क्रमांकापासून. कॅनडात बांधलेल्या हार्वर्डचा क्रमांक 'सीसीएफ4' ने सुरू होतो. तो कॉकपिटमधल्या डेटा प्लेटवर असतो. त्याला जोडून वायुदलाचा क्रमांक, मग अमेरिकेतली 'एन' ने सुरू होणारी नोंदणी. अमेरिकी विमान प्रशासनाकडे प्रत्येक नोंदणीची फाइल असते आणि ती मागवता येते. तिच्यात विक्रीची बिलं असतात आणि 337 क्रमांकाचा फॉर्म असतो. मोठी दुरुस्ती किंवा मोठा बदल केला की मेकॅनिकने तो भरायचा. माझ्या लेखी सगळ्या फाइलीत मोलाचा कागद हाच. विक्रीचं बिल मालक सांगतं. हा फॉर्म पत्रा कुठे कापला, कुठे जोडला, आणि त्याखाली कोणी सही केली, हे सांगतो. चांगल्या मेकॅनिकने भरलेला फॉर्म वाचताना त्याचा हात दिसतो.

पडदा मात्र फसवतो. 1976 चा 'मिडवे' पाहून एखाद्याने 'हे झीरो तेव्हा उडत होतं' असं लिहून ठेवलं तर ती नोंद पोकळ, कारण त्यातली बरीच दृश्यं 'तोरा'मधूनच उचललेली आहेत. शेपटीवरचे आकडेही भरवशाचे नाहीत. थोड्या विमानांतून मोठा ताफा दाखवायचा तर एकाच विमानावर वेगवेगळे आकडे रंगवले जातात. म्हणून मी आकडा सोडून ठिगळं पाहतो. इंजिनावरच्या आवरणाला पडलेला पोचा, जरा उंच बसलेली रिव्हेटची ओळ, काचेच्या चौकटीतला एखादा जास्तीचा तुकडा. रंग बदलतो, पोचा राहतो. अशाच खुणांवरून 'बा बा ब्लॅक शीप' या मालिकेतली, 1980 च्या 'द फायनल काउंटडाउन'मध्ये एफ-14 जेटांसमोर आलेली आणि 2001 च्या 'पर्ल हार्बर'मधली विमानं एकमेकांशी जुळवता येतात. बरीचशी टेक्सासमधल्या, आज 'कमेमोरेटिव्ह एअर फोर्स' नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेकडे गेली. 1972 पासून ती हवाई कसरतींत पर्ल हार्बरचा हल्ला उभा करतात. काही झीरोंना मालकांनी परत हार्वर्ड केलं, जोडलेलं सगळं काढून पुन्हा पिवळा रंग दिला.

असं परत केलेलं विमान पाहून लोक म्हणतात, मूळ रूप मिळालं. मला ते पटत नाही. नव्या पिवळ्या रंगाखाली झीरोची वर्षं गाडली गेली तर तेही एक खोटंच. हे सगळ्यात ठळक दिसतं ते 1969 च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन'मधल्या विमानांत. त्यासाठी ग्रुप कॅप्टन हॅमिश महॅडी यांनी विमानं जमवली आणि जर्मन मेसरश्मिटं मिळाली ती स्पेनमध्ये. सेव्हिलच्या हिस्पानो कारखान्याने जर्मन आराखड्यावर बांधलेली ती बुचॉन. जर्मनीहून इंजिनं आली नाहीत म्हणून शेवटी त्यांना ब्रिटिश मर्लिन बसवलं होतं. म्हणजे ब्रिटिश स्पिटफायरशी लढणाऱ्या पडद्यावरच्या मेसरश्मिटच्या नाकातही रोल्स-रॉइसचंच इंजिन घुमत होतं. नाकाखालचा तो फुगीर भाग पाहिला की बुचॉन लगेच ओळखू येतं. 1965 पर्यंत ती स्पॅनिश वायुदलात होती, 'सी.4के' या मालिकेच्या क्रमांकांनी. चित्रपटासाठी त्यांना 'जी-एडब्ल्यूएच' ने सुरू होणाऱ्या ब्रिटिश नोंदण्या मिळाल्या आणि वर जर्मन आकडे रंगवले गेले. मोबदल्यापोटी काही विमानं कॉनी एडवर्ड्स या टेक्सासच्या वैमानिकाकडे गेली आणि अनेक दशकं त्याच्या हँगरमध्ये जशीच्या तशी उभी राहिली. त्यांच्यावर चित्रपटाचा रंग तसाच होता. माझ्यासारख्याला याहून मोठा ठेवा नाही.

पण इतर काही बुचॉनांचं मर्लिन काढून डायमलर-बेंझचं जर्मन इंजिन बसवलं गेलं, नाक बदललं, आणि ती 'खरी' मेसरश्मिट म्हणून उडू लागली. काम अप्रतिम आहे, ते करणाऱ्या कारागिरांपुढे हात जोडावेत असं. तरी माझ्या वहीत मी त्या विमानाला स्पॅनिशच म्हणतो. ज्या सेव्हिलच्या कामगारांनी ते बांधलं, ज्या वैमानिकांनी ते चालवलं, त्यांच्या नावाला बाजारात किंमत नाही आणि जर्मन क्रॉसला आहे, एवढ्यावरून विमानाचा जन्म बदलत नाही. इंग्लंडमधल्या डक्सफर्डला एक बुचॉन चित्रपटातल्याच रंगात उडतं, ते मला या सगळ्यांत प्रामाणिक वाटतं.

आता केट. पर्ल हार्बरला ॲरिझोना ही युद्धनौका बुडवणारा बाँब ज्या जातीच्या विमानातून पडला तीच ही जात. खरं केट आज जगात कुठेही उडत नाही. हवेत दिसतं ते लाँग बीचला जोडलेलं. त्याचा पुढचा भाग हार्वर्डच्या अमेरिकी भावंडाचा, टेक्सन टी-6 चा, आणि मागचा भाग व्हॅलियंटचा. मध्ये लांबी वाढवून दोन्ही एक केले. नोंदणी कोणाची? डेटा प्लेट कॉकपिटमध्ये, कॉकपिट टेक्सनचं, म्हणून कागदावर ते टेक्सन. ज्याची शेपूट लावली ते व्हॅलियंट त्या कागदांत कुठेच नाही. तेही कुठल्या तरी कारखान्यात जन्मलं होतं, युद्धाच्या वर्षांत कुठल्या तरी तळावर पोरांना उडायला शिकवत होतं. त्याची गोष्ट 'भंगारात विकलं' या ओळीवर थांबते, आणि प्रत्यक्षात त्याची शेपूट अजून हवेत आहे.

ही शेपूट कोणाची, हे शोधता येतं का? थोडंफार येतं. टेक्सन बांधणाऱ्या नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या भागांवर क्रमांकाआधी मॉडेलचा आकडा उमटवलेला असतो, युद्धकाळातल्या टेक्सनच्या भागांवर 77 किंवा 88. शेजारी कारखान्यातल्या तपासनिसाचा छोटा गोल शिक्का. धडाच्या आत टॉर्च धरून मागे सरकत गेलं की एका चौकटीपर्यंत हे आकडे भेटत राहतात आणि पुढच्या चौकटीपासून वेगळ्याच पद्धतीचे सुरू होतात. एक विमान संपून दुसरं सुरू होतं ती जागा बोटाने दाखवता येते. पण भागाचा क्रमांक जात सांगतो, विमान सांगत नाही. त्यासाठी 1968 च्या सुमारास कॅलिफोर्नियात मोडीत निघालेल्या व्हॅलियंटांच्या फाइली एकेक करून पाहाव्या लागतात, नोंदणी कधी रद्द झाली, शेवटचा खरेदीदार कोण, पत्ता लाँग बीचच्या आसपासचा आहे का.

माझ्या वहीत प्रत्येक केटला दोन पानं आहेत. डाव्या पानावर टेक्सन, ते बहुतेक भरलेलं. उजव्या पानावर व्हॅलियंटसाठी जागा सोडलेली आहे. ज्यांच्या ताब्यात ही विमानं आहेत त्यांना मी एकच विनंती करत असतो: मोठ्या दुरुस्तीला मागचा पत्रा उघडाल तेव्हा रंग खरवडण्याआधी आतल्या प्रत्येक शिक्क्याचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, चौकटीचा क्रमांक लिहून. पत्रा बदलला की शिक्का भंगारात जातो आणि त्या व्हॅलियंटची विमानात उरलेली खूणही त्याच्याबरोबर जाते.