खणातले बॅज

18 ऑक्टोबर 2023, बुधवार. इस्लामपूर
पहाटे पेठ नाक्याला उतरलो. दहाच्या सुमारास तपासणीसाठी पहिल्या दवाखान्यात. ‘अणुऊर्जा नियामक मंडळ, मुंबई’ असं सांगितल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “डॉक्टरांना लाइट बिलाचं सांगू का?” नेहमीचंच. 1983 पासून मंडळ आहे, पण ‘अणू’ म्हटलं की लोकांना तारापूर आठवतं. आपल्या गल्लीतलं एक्स-रेचं मशीनही त्याच कायद्याखाली येतं, हे डोक्यात येत नाही.

कागद झकास. मंडळाच्या ‘ई-लोरा’ पोर्टलवरून काढलेला परवाना फ्रेम करून भिंतीवर. दार शिशाच्या पत्र्याचं, भिंत नऊ इंची विटांची. मग अंगावर पडलेले किरण मोजणाऱ्या टीएलडी बॅजचे अहवाल पाहिले. सगळ्या तिमाह्या शून्य. शून्य येणं चांगलंच. पण पोर्टेबल मशीन घेऊन रोज वॉर्डात फिरणाऱ्याचंही शून्य आणि फाइल लावणाऱ्याचंही शून्य, म्हटल्यावर मी बॅज बघायला मागतो. तंत्रज्ञाने टेबलाचा खण ओढला. सगळे बॅज एका रबरात बांधलेले, तुलनेसाठी वेगळ्या ठेवायच्या कंट्रोल बॅजसकट. “हरवत्यात ओ साहेब, म्हणून जपून ठेवलेत.”

त्याच्यासमोर एक उघडून दाखवला. आत तीन पांढऱ्या चकत्या, टिकलीपेक्षा थोड्या मोठ्या. डिस्प्रोसियम मिसळलेलं कॅल्शियम सल्फेट. किरण पडले की त्यांची ऊर्जा ही चकती धरून ठेवते. तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत तापवली की तेवढा प्रकाश बाहेर टाकते. त्या प्रकाशावरून डोस काढतात. बॅज छातीवर, शिशाचा ॲप्रन घातला असेल तर ॲप्रनच्या आत. पोरगं लक्ष देऊन ऐकत होतं. आजवर त्याला कुणी हे सांगितलंच नव्हतं. बॅज कुरिअरने येतात, कुरिअरने जातात. मधे माणूस नाही. यात दोष त्याचा कमी, आमचा आणि मालकाचा जास्त.

19 ऑक्टोबर, गुरुवार
दुसरं ठिकाण. नाव इथेही लिहीत नाही, कारण हे कुठेही दिसतं. लहान पोराचा एक्स-रे काढताना त्याला धरतं कोण, असं विचारलं. वॉर्डातले मामा पुढे झाले. “मीच की. आईबाप रडत्यात, पोरगं हलतंय.” किती वर्षं? त्यांना मोजता येईना.

मामांना गणित सांगितलं. आई पोराला धरते ती एखाद्या वेळी. तिला ॲप्रन द्या, गरोदर नाही ना ते विचारा, झालं. तुम्ही मात्र रोज धरता. छातीच्या एका फोटोत पेशंटला मिळतो 0.1 मिलिसिव्हर्टच्या आतला डोस, धरणाऱ्याला विखुरलेल्या किरणांचा त्याहून पुष्कळ कमी. पण रोजचं थोडं साठत जातं. बॅज असलेल्या किरणोत्सर्ग कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात 30 ही हद्द. सामान्य माणसाला 1. मामांकडे बॅज नाही, म्हणजे कागदोपत्री ते सामान्य माणूस. आणि काम करतात सगळ्यांत जवळून.

ॲप्रन खिळ्याला, चार घड्या घालून. घडीवर शिशाच्या थराला चिरा जातात. त्यांच्याच मशीनखाली धरून दाखवला. पांढऱ्यावर काळ्या रेषा उमटल्या, तेव्हा डॉक्टर स्वतः हँगर शोधायला गेले. लेखी शेऱ्यापेक्षा हा एक फोटो भारी पडला.

20 ऑक्टोबर, शुक्रवार. रात्री उशिरा
तालुक्यातला एक साखर कारखाना. गळीत हंगाम तोंडावर, बॉयलरच्या नळ्यांचे नवे जोड तपासायचे होते. जोडाच्या आत पोकळी राहिली का, हे गॅमा रेडिओग्राफीने कळतं. म्हणून रात्रीचं काम. कामगार कमी, दोरी लावलेली, लाल दिवे.

कॅमेरा म्हणतात त्याला, पण दिसतो लहान पेटीसारखा आणि उचलताना हात खाली ओढतो. आतलं कवच युरेनियमचं. त्यात काही मिलिमीटरची इरिडियम-192ची गोळी. हँडल फिरवलं की ती केबलला लागून नळीतून जोडापाशी जाते, उलट फिरवलं की परत. सगळी मेख या ‘परत’मध्ये आहे. गोळी आत आली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक फोटोनंतर सर्व्हे मीटर हातात धरून कॅमेऱ्यापर्यंत चालत जायचं, हा नियम. पोरांनी दर वेळी पाळला. मीटरचा आवाज कमी होईपर्यंत मी काही बोललो नाही.

चहाच्या वेळी एका वेल्डरने विचारलं, “एवढं काय असतंय त्यात?” त्याला 1999 मधलं पेरूतलं सांगितलं. यानांगो नावाच्या जलविद्युत केंद्रावर अशीच इरिडियमची गोळी सुटून पडली. तिथल्या वेल्डरने उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकली आणि काम करत राहिला. त्याचा पाय कापावा लागला. हा वेल्डर काही बोलला नाही, पण पुढचा फोटो सुरू व्हायच्या आधीच दोरीपासून बराच मागे जाऊन बसला.

22 ऑक्टोबर, रविवार. घरी
वहिनींनी सोनोग्राफीचं काढलं. पुतणीला दिवस गेलेत, “सारखं सारखं किरण नकोत बाळाला.” सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो, तो आवाज असतो, हे पटेपर्यंत जेवण संपलं. दादांची तक्रार मोबाइल टॉवरची. हळदीचा व्यापार करणारा चुलतभाऊ म्हणे वाशीला मसाल्यांवर किरण मारतात, ते खायचं कसं? वाशीचा तो प्रकल्प 2000 पासून चालू आहे. गॅमा किरणांनी मसाल्यातले जंतू मरतात. हळद किरणोत्सर्गी होत नाही. उन्हात वाळवलेली मिरची काय रात्री उजेड देते?

यातल्याच एकाने गेल्या महिन्यात डोकं दुखतं म्हणून स्वतः सांगून सीटी स्कॅन करून घेतलाय. सीटीत डोस बराच असतो; छातीचा काढला तर साधारण 7 मिलिसिव्हर्ट, म्हणजे छातीच्या साध्या एक्स-रेच्या सत्तर पटींहून अधिकच. त्याची भीती कुणालाच नाही. वर ‘सगळं नॉर्मल निघालं’ याचं समाधान.

24 ऑक्टोबर, मंगळवार. दसरा
सोनं द्यायला एका डॉक्टर मित्राकडे. मशीनची पूजा झालेली: ट्यूबला हळदकुंकू, कंट्रोल पॅनलवर आपट्याची पानं, दारावर झेंडूचा जाडजूड हार. तो नेमका लाल दिव्यावर आलेला. आत एक्स-रे काढणं चालू असताना दिवा लागतो, तो बाहेर बसलेल्याला दिसेना. “सणाच्या दिवशी तरी इन्स्पेक्शन नको,” असं तो हसत म्हणाला, पण स्टुलावर चढून हार त्यानेच खाली घेतला आणि चौकटीच्या कडेला बांधला. दिवाही राहिला, हारही राहिला.

25 ऑक्टोबर, बुधवार
निघण्याआधी एसटी स्टँडकडच्या एका भंगारवाल्याशी बोललो. हे अधिकृत कामात बसत नाही, तरी मी करतो. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं गॅमा यंत्र लिलावात गेलं. आत किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 आहे हे कुणाला माहीत नव्हतं, त्यांनी ते फोडलं. एक कामगार दगावला, आणखी काहीजण भाजले. 1987 मध्ये ब्राझीलच्या गोयानियात बंद पडलेल्या दवाखान्यातून सीझियमचं यंत्र असंच भंगारात गेलं. चार जण मेले.

भंगारवाल्याने किरणोत्सर्गाचं चिन्ह बघितलं नव्हतं. त्याच्या वहीत काढून दिलं. वाचणाऱ्यांसाठी इथेही लिहितो: पिवळ्या पाटीवर मधे ठिपका आणि भोवती पंख्यासारखी तीन पाती, आणि आकाराच्या मानाने फार जड असा शिशाचा डबा. असं काही दिसलं तर उघडू नका, उचलू नका, लोकांना लांब करा आणि पोलिसांना कळवा.